सरासरी चाळीस मिनिटं

सरासरी या शब्दावर माझा राग आहे. माझं आणि माझ्या मुलांचं पोट याच शब्दावर भरलं, तरीही आहे. कोणी 'सरासरी बघा' म्हणालं की मी आधी विचारतो, कशाची सरासरी, आणि कुठल्या टप्प्यावर काढलेली? समोरचा कंटाळतो. घरातले म्हणतात, वय होत चाललं तसा हा माणूस किरकिरा होत चाललाय. म्हणोत. मला हा शब्द कसा महाग पडला ते त्यांच्यातल्या मोठ्यांना ठाऊक आहे, आणि लहानांना सांगायची मला कधी इच्छा झाली नाही.

नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही पनवेलला लाईन आळीत भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. मी, बायको, दोन मुलं आणि माझी धाकटी बहीण. बहिणीचा नवरा आजारपणात गेला होता. सासरच्यांनी तिला वर्षभर ठेवून घेतलं, मग 'थोडे दिवस भावाकडे जाऊन ये' म्हणाले. ते थोडे दिवस संपले नाहीत. तिला कुणी हाकललं नाही, आणि परत ये असंही कुणी म्हटलं नाही. आमच्याकडे तिची गादी दिवसा कपाटामागे उभी असायची. पहाटे नळाला पाणी आलं की उठून पाणी भरणारी तीच. कुणी सांगितलं नव्हतं. आपण फुकट राहत नाही हे ती रोज सहा वाजता सिद्ध करायची, आणि आम्ही झोपेचं सोंग घेऊन ते ऐकायचो.

मी कर्नाळ्याची खिंड ओलांडल्यावर लागणाऱ्या एका कारखान्यात होतो. औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं तिथं बनत. मी गुणवत्ता विभागात. दर तासाला थोडी झाकणं उचलायची, मापं घ्यायची, आकडे मांडायचे. तिथल्याच पॅकिंगमध्ये मी बहिणीला लावून दिलं. वाकडी झाकणं बाजूला काढून बाकीची पिशव्यांत भरायची, हे काम. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. कायम झाली की टपाल नाक्याजवळ एक खोली तिनं बघून ठेवली होती. मोरी आत, खिडकी रस्त्यावर. मालकीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "बाई एकटी असली तरी चालेल, पण नोकरी पक्की पाहिजे. उद्या काम सुटलं तर मी कोणाच्या दारात जाऊ?" बहिणीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. सहाच महिने तर आहेत."

कारखान्याची बस पनवेलहून सात वाजून दहा मिनिटांनी सुटायची. भोंगा आठचा. गेटवर पाच मिनिटांची सवलत. रस्ता अठरा किलोमीटरचा, आणि त्यात पळस्पे फाटा. द्रुतगती मार्ग तेव्हा कागदावर होता. मुंबईहून पुण्याला जाणारं आणि गोव्याला जाणारं सगळं त्या फाट्यावर येऊन एकमेकांच्या अंगावर चढायचं. उरणहून येणारे टँकर आणि कंटेनरचे ट्रेलर, रात्रभर कोकणातून आलेल्या एस.ट्या, भाजीचे टेंपो. तो फाटा पार झाला तरी खिंडीत एखादा ट्रक पाटा तुटून आडवा पडलेला. बसचा ड्रायव्हर गव्हाणचा, उंचापुरा, तोंडानं सैल. बस उभी राहिली की मागून कुणीतरी ओरडायचं, "मामा, उतरून ढकलू का?"

"ढकल ना. पुडच्या लॉऱ्यापन ढकल. पार पेनपरत ढकलत ने."

"मामा, उशीर झाला तर शिक्का बसतो आम्हाला!"

"मंग मी काय करू? आमाला कंपनीनं बस दिली हाय, पंख नाय दिले."

सगळे हसायचे. बहीणही हसायची. त्या हसण्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. कायम कामगारांसाठी युनियननं करून घेतलं होतं की कंपनीच्या बसला उशीर झाला तर त्याचा लेट मार्क नाही. प्रोबेशनवरच्यांना युनियन नव्हती. बस तीच, बाकडं तेच, खिंडही तीच. पण आठ पाच झाले की त्यांच्या कार्डावर लाल शिक्का. मी कायम, म्हणून मला शिक्का नाही. तिला होता, आणि आम्ही एकाच बाकावर बसून यायचो.

चौथ्या महिन्यात एकदा रात्रीची जेवणं चालू असताना ती म्हणाली, "दादा, माझे चौदा झालेत."

"कसले?"

"लाल शिक्के. आज आमच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, सहा महिन्यांत बाराच्या वर गेले की कायम करत नाहीत."

बायको पोळी लाटता लाटता थांबली. "अहो वन्सं, पण तुम्ही तर सातच्या आत घरातून निघता!"

"मी निघते हो वहिनी. बसही निघते. पोचत नाही तेवढं."

दुसऱ्या दिवशी मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. कामगारांच्या भरतीपासून बसच्या वेळापत्रकापर्यंत सगळं त्यांच्याकडे. बोलायला गोड, कधी आवाज चढवायचे नाहीत, कपाळाला रोज गंध. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बसची वेळ मी उगाच नाही ठरवली. पंधरा दिवस माणूस बसवून वेग टिपला. सरासरी ताशी सत्तावीस. अंतर अठरा. अठरा भागिले सत्तावीस, चाळीस मिनिटं. आम्ही पन्नास दिली, वर गेटवर पाच. आता काय, पालखी पाठवू?"

"साहेब, पण बस पोचत नाही ना वेळेवर."

"मग तुमचा तो मामा चहाला थांबत असेल. माझा भागाकार चुकला का, ते सांगा. तुम्ही आकड्यांतले."

भागाकार चुकला नव्हता. मी चहा पिऊन परत आलो.

इथं मला यंत्राविषयी सांगायला हवं. त्याच वर्षी कंपनीनं संगणक घेतला होता आणि त्यावर संख्याशास्त्राचं एक पॅकेज टाकून घेतलं होतं. वेगळी खोली, वातानुकूलन, दाराशी चपला काढायच्या. साहेबसुद्धा बूट काढून मोज्यांवर आत यायचे, देवळात यावं तसे. मला तीन दिवसांच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवलं होतं, त्यामुळे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि आलेख म्हणजे छोट्या चांदण्यांच्या ओळी. जिथं मापं जास्त तिथं ओळ लांब. एवढंच चित्र, पण मला त्याचं वेड लागलं होतं. कारण त्या पॅकेजात एक सोय अशी होती, जी हातानं करायला माणसाला महिने लागले असते. तुम्ही त्याला एखाद्या मापाचं वितरण द्यायचं, म्हणजे ते माप कुठं किती वेळा येतं त्याचा सगळा आकार. मग एक सूत्र लिहायचं. यंत्र त्या आकारातून हजारो आकडे उचलायचं, प्रत्येकाला सूत्रातून काढायचं, आणि बाहेर पडलेल्या आकड्यांचा नवा आकार समोर मांडायचं.

शिकवणाऱ्यांनी आम्हाला झाकणांचंच उदाहरण दिलं होतं. झाकणांच्या व्यासांची सरासरी काढून तिचा वर्ग करा. मग उलट करा: आधी प्रत्येक व्यासाचा वर्ग, नंतर सरासरी. दोन उत्तरं जुळत नाहीत. झाकणं जितकी लहानमोठी तितका फरक जास्त. ते म्हणाले होते, आधी फंक्शन, म्हणजे ते सूत्र, मग सरासरी. हा क्रम बदलला की यंत्र तक्रार करणार नाही, उत्तर देईल, आणि ते चुकीचं असेल. एक आकडा घातला तर एक आकडा बाहेर येतो. आकार घातला तर आकार बाहेर येतो. मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. वहीत अधोरेखित केलं होतं.

साहेबांनी नेमकं तेच केलं होतं. वेगाची सरासरी काढली, मग तिच्यावर भागाकार केला. समजा, एक दिवस बस ताशी छत्तीसनं गेली आणि एक दिवस अठरानं. वेगाची सरासरी सत्तावीस. सत्तावीसनं अठरा किलोमीटरला चाळीस मिनिटं लागतात. पण खऱ्या दोन दिवसांत काय झालं? एक दिवस तीस मिनिटं, एक दिवस तास. सरासरी पंचेचाळीस. आणि तासाच्या दिवशी बसमध्ये असलेल्या माणसाला त्या पंचेचाळीसचाही काही उपयोग नाही, त्याला शिक्का बसतोच. तीस मिनिटांच्या दिवशी लवकर पोचल्याबद्दल शिक्का पुसत नाहीत. वेग वाढला तर वेळ वाचतो तो थोडा. वेग पडला की वेळ जातो तो सुमार सोडून. हे शाळेतल्या मुलाला कळेल असं आहे. पण ताशी सत्तावीस असं टाइप केलेलं साहेबांच्या टेबलावर काचेखाली होतं, आणि काचेखाली गेलेल्या गोष्टीला कारखान्यात कुणी हात लावत नाही.

बस गेटवर कधी आली ते वॉचमन रोज लिहायचाच. मी मागच्या कित्येक महिन्यांच्या त्या वेळा घेतल्या. प्रत्येक दिवसाचा वेग काढून त्यांचं वितरण यंत्राला दिलं. उंचवटा मधे, आणि कमी वेगाकडे लांबच लांब शेपूट. मग सूत्र लिहिलं: अठरा भागिले वेग. यंत्रानं वेळेचं चित्र काढलं. आता शेपूट उजवीकडे, आणि आधीपेक्षाही लांब. पंचावन्न मिनिटांवर रेघ मारली. रेघेच्या पलीकडे सहातला एक दिवस पडत होता.

मग दुसरं फंक्शन. पंचावन्नच्या आत असेल तर शून्य, बाहेर असेल तर एक. सहा महिन्यांतले कामाचे साधारण दीडशे दिवस, त्या एकांची बेरीज. अशा हजारो खोट्या सहामाह्या यंत्राकडून करून घेतल्या. तेव्हाचं यंत्र, बटण दाबून मी जेवून आलो तरी त्याचं चाललं होतं. उत्तर आलं ते बघून मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. जो माणूस स्वतः एकही दिवस उशीर करत नाही, रोज वेळेवर बसमध्ये येऊन बसतो, त्याला सहा महिन्यांत सरासरी पंचवीस शिक्के. बारा किंवा त्याहून कमी शिक्के मिळणारे हजारांत तिघं.

मी शंका घेतल्या. एक दिवस रस्ता तुंबला की दुसऱ्या दिवशीही तुंबण्याचा संभव असतो, म्हणजे दिवस सुटे सुटे धरणं पूर्ण बरोबर नाही. त्यानं हजारांतले तीन कदाचित दहा होतील, वीस होतील. एका बसमधले सगळे एकदमच अडकतात हेही खरं; पण माणसं वर्षभर दोनदोन चारचार अशी भरती व्हायची, त्यामुळे प्रत्येकाची सहामाही वेगळी. कसंही ताणलं तरी नियम कुणालाच पाळता येणारा नव्हता. माझ्या बहिणीचा त्यात काही दोष नव्हता, आणि ते मी म्हणत नव्हतो, चांदण्या म्हणत होत्या.

साहेबांना मी त्या खोलीत बोलावलं. ते मोज्यांवर आले, खुर्चीच्या कडेवर बसले. आधी थोडी चेष्टा केली.

"काय, आज यंत्र आमची झाडाझडती घेणार वाटतं?"

मी त्यांना छत्तीस आणि अठराचं उदाहरण सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर आकडे लिहिले. हुशार माणूस होता, हे मी आजही म्हणेन. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे माझी चाळीस मिनिटं ही कुठल्याच दिवसाची नाहीत."

"नाहीत साहेब."

"आणि हे चित्र काय?"

मी शिक्क्यांचं चित्र दाखवलं. बाराच्या रेघेच्या डावीकडे पडदा जवळजवळ काळा.

"म्हणजे प्रोबेशनवरचा कुणीच यातून पास होणार नाही?"

"हजारांत तिघं."

"कितीही प्रामाणिक असला तरी?"

"कितीही."

"आजवर जे कायम झाले ते?"

"त्यांचे शिक्के तुम्ही एकेक करून माफ केलेत साहेब. तो अधिकार तुमच्याकडे आहेच."

त्यांनी तळहातावरचे आकडे रुमालानं पुसले. मला वाटलं, माणसाला लाज वाटतेय. मी बसची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणली तर काय होतं तेही करून ठेवलं होतं. ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली. उठताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान. फार छान काम केलंत. हे छापून मला द्या. एकच प्रत पुरे."

घरी येऊन मी सांगितलं, काम झालं. त्या दिवशी बायकोनं शिरा केला. बहीण खाता खाता म्हणाली, "मला ते हजार आणि तीन काही कळलं नाही, पण तू म्हणतोस तर झालं असेल."

बसची वेळ बदलली नाही. महिना गेला, दुसरा गेला. मी दोनदा विचारलं. "बघतोय, बघतोय, ठेकेदाराशी बोलणं चाललंय," एवढंच. मग सहा महिने पुरे झाले आणि बहिणीला पर्सोनेलमध्ये बोलावलं. हजेरी अनियमित असल्यानं सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. त्याच आठवड्यात तिच्याबरोबरच्या दोघी कायम झाल्या. त्यांचेही शिक्के वीसच्या वर होते. ते माफ झाले.

मी पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसलो. चहा आला.

"साहेब, त्या दोघींचे माफ झाले, हिचे का नाही?"

"अहो, माफी ही माफी असते. हक्क थोडाच आहे?" आवाज नेहमीसारखाच गोड. "तुमची बहीण काम चांगलं करते, माझी तक्रार नाही. पण पॅकिंगमध्ये बायकांना बसायला स्टुलं पाहिजेत म्हणून दोनदा सुपरवायझरकडे गेली. बरोबर पाच-सहा जणींना घेऊन गेली. आठ तास उभं राहणं जमत नसेल तर सांगावं. आता असं कारण कागदावर लिहिता येतं का? युनियन उद्या माझ्या दारात. आणि हजेरीचं कसं, त्यात वाद नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"पण साहेब, नियम कुणालाच पाळता येत नाही, हे मीच तुम्हाला दाखवलं!"

"हो ना," ते म्हणाले. "तोवर मला वाटत होतं, पाचदहा जणच अडकत असतील. माफी देताना मी घाबरत होतो, उगाच कुणाला मेहेरबानी केली म्हणतील. तुमच्यामुळे कळलं, सगळेच अडकतात. काम सोपं झालं." आणि मग खरंच आपुलकीनं म्हणाले, "तुमची पगारवाढ मी लिहून पाठवलीय हं वर."

मी चहा तसाच ठेवून उठलो. तेवढंच जमलं. दोन मुलं शाळेत होती.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग भांडी लावताना म्हणाली, "तुम्ही त्याला सांगायला गेलात, हे दार कुणालाच उघडत नाही म्हणून. आणि किल्ली त्याच्याच कंबरेला."

"मी खोटं सांगायला हवं होतं का?"

"खोटं कोण सांग म्हणतंय? पण जाऊन आधी त्या बायकांना सांगायचं होतं. किंवा युनियनला. बसच्या मामाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही सांगितलंत कोणाला, तर त्याला. का, तर तो तुम्हाला खुर्ची देतो."

आकडा समोर ठेवला की समोरचा माणूस शरमेनं वळतो, अशी माझी समजूत होती. आमच्यासारखे, ज्यांना हिशेबाशिवाय दुसरं काही येत नाही, त्यांची ही समजूत असतेच. हिशेब बरोबर असणं आणि तो आपल्या बाजूचा असणं, या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो.

बहिणीनं मला दोष दिला नाही. ते जास्त लागलं. ती गॅलरीत कपडे काढत होती, मी मदतीला म्हणून गेलो. ती म्हणाली, "दादा, ते हजारांतले तिघं असतात म्हणालास ना? तुझ्या यंत्राला विचार, मी त्यांच्यात का नव्हते."

"ते यंत्र सांगत नाही."

"मग काय सांगतं?"

"किती जण, ते सांगतं. कोण, ते नाही."

"कोण, ते तुझे साहेब सांगतात," ती म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली.

टपाल नाक्याची खोली गेली. मालकीणबाईंनी एका बँकेतल्या मुलाला दिली. बहिणीनं बरेच दिवस काम शोधलं आणि शेवटी उरणकडच्या एका गोदामात लागली. माल उतरवून घेणं, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं. रोजंदारी. तिथंच तिघीजणींबरोबर एका खोलीत राहू लागली. रविवारी यायची, पण मुक्काम करायची नाही. पहिल्या महिन्यात पहाटे नळाला पाणी आलं की मी जागा होऊन वाट बघायचो. मग बायको उठून बादल्या लावायची.

पुढच्या वर्षी साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. त्यांना उलटा हिशेब हवा होता. शिक्क्यांची मर्यादा किती ठेवली, तर पाचांतला एकजण माफीशिवाय पास होईल? "कुणीच होत नाही हे बरं दिसत नाही. थोडे झाले पाहिजेत," ते म्हणाले.

मी म्हणालो, हे मी करणार नाही.

ते रागावले नाहीत. "बरं, राहू द्या. किल्ली तेवढी द्या."

ते स्वतः मोज्यांवर त्या खोलीत जाऊन बसले. माझं सूत्र यंत्रात होतंच. आठवड्यानंतर सूचनाफलकावर लागलं: प्रोबेशनवरील कामगारांच्या अडचणी लक्षात घेऊन उशिराची मर्यादा बारावरून एकवीस करण्यात येत आहे. युनियनचा सेक्रेटरी पेढे घेऊन विभागाविभागांत फिरला. नवीन पोरं कायम होऊन आता युनियनकडेच येतील, असं त्याचं गणित. माझ्यासमोर पुडा धरून म्हणाला, "घ्या हो, तोंड गोड करा. तुमच्या बहिणीची केस झाली म्हणूनच साहेब नरमले."

बसची वेळ सात दहाचीच होती.

किल्ली साहेबांनी तोवर परत पाठवली होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खोली उघडून तो हिशेब पुन्हा करून पाहिला. एकवीस किंवा त्याहून कमी शिक्के, पाचांत एक, किंचित जास्तच. साहेबांनी कुठं घाई केली नव्हती. आधी फंक्शन, मग मोजणी. क्रम बरोबर होता. मी चूक शोधत होतो, ती सापडली नाही.

रविवारी बहीण आली. बायकोनं तिला पेढ्यांची गोष्ट सांगितली. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "म्हणजे आत्ता असते तर झाले असते का रे मी कायम?"

तिचे तेवीस शिक्के होते.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि उरणची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारलं.